मैदान ज्याचं, नियम त्याचा

न्यू ब्रन्सविकच्या कॉलेज अॅव्हेन्यूवर विटांची एक जुनी व्यायामशाळा आहे आणि तिच्या मागं मोटारी लावायची जागा. गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी नातीनं मला तिथं नेऊन उभं केलं. "आबा, इथंच," ती म्हणाली. मी इकडंतिकडं पाहिलं. डांबर, त्यावरचे पांढरे पट्टे, पावसानं चिकटलेली पानं, दोन-चार मोटारी. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांमधला पहिला फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी इथं झाला, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात. नात रटगर्समध्ये शिकते. लेकीचं घर एडिसनला, रॅरिटन नदी ओलांडली की कॉलेज. त्या भागात आता इतकी मराठी घरं आहेत की तिच्या वर्गातही दोन-तीन जण गणपतीत मोदक खाऊन आलेले असतात.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा. लाल मातीत घुमणाऱ्या तालमींनीच पुढं फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं आम्हाला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठेत दुसरं बोलणं नसतं. असा माणूस टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघतो तेव्हा त्याच्या पोटात दुखतं. खांद्यावर गाद्या, डोक्यावर शिरस्त्राण, हातात लांबट चेंडू घेऊन पळायचं, आणि नाव काय, तर फुटबॉल! हा माझा फार जुना राग. नात म्हणाली, "तुम्ही त्या पहिल्या सामन्याचं वाचा तरी." कॉलेजच्या वाचनालयातून तिनं दोन पुस्तकं आणून दिली, आणि आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही.

त्या सामन्यातला चेंडू गोल होता. तो हातात धरून पळायला मनाई, फेकायला मनाई. पायानं मारा, डोक्यानं मारा, फार तर हातानं थापटा. दोन खांबांमध्ये आठ यार्डांचं अंतर, त्यातून चेंडू गेला की गोल. म्हणजे शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर आम्ही जे खेळायचो, त्याच्याशी याचं नातं आज त्यांच्या टीव्हीवर दिसणाऱ्या खेळापेक्षा जवळचं. लंडनच्या फुटबॉल असोसिएशननं १८६३मध्ये जे नियम लिहून काढले होते त्यांचाच हा थोडा सैल अवतार.

रटगर्स तेव्हा लहानसं कॉलेज. डच रिफॉर्म्ड चर्चच्या मंडळींनी १७६६मध्ये काढलेलं, मूळ नाव क्वीन्स कॉलेज. १८२५मध्ये त्याला कर्नल हेन्री रटगर्स यांचं नाव मिळालं. प्रिन्स्टन त्याहून वीस वर्षांनी जुनं आणि मानानं मोठं. कागदोपत्री ते अजून 'कॉलेज ऑफ न्यू जर्सी' होतं. दोन्हींमध्ये २५-३० किलोमीटरचं अंतर, म्हणजे शेजारीच. शेजाऱ्यांत असते तशी ईर्षाही होती. १८६६मध्ये बेसबॉलमध्ये प्रिन्स्टननं रटगर्सला ४०-२ असं लोळवलं होतं. ४०-२! असा आकडा पोरं विसरत नाहीत. रटगर्सच्या पोरांनी मग आव्हान दिलं: फुटबॉलला या.

संघ होता, पण शिकवणारा कुणी नव्हता. तिकीट नव्हतं, गणवेश नव्हता, कॉलेजच्या तिजोरीतून एक पैसा आलेला नव्हता. सगळं पोरांनी पोरांत ठरवलं. रटगर्सचा कप्तान विल्यम लेगेट, प्रिन्स्टनचा विल्यम गमियर. पुढं लेगेट चर्चमध्ये धर्मगुरू झाले आणि गमियर न्यू जर्सीचे सरन्यायाधीश. त्या वेळी मात्र दोघांसमोर एकच प्रश्न होता. दोन्हीकडचा खेळ वेगळा. प्रिन्स्टनमध्ये वरून आलेला चेंडू थेट किंवा एक टप्पा पडल्यावर झेलला की झेलणाऱ्याला मोकळी किक मिळायची, कुणी आडवं यायचं नाही. रटगर्समध्ये असलं काही नव्हतं.

एक टप्पा! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. आमच्या बोळात क्रिकेट खेळताना एक टप्पा झेल आउट, वरच्या बोळात नाही. आमच्याकडं पत्र्यावर बॉल गेला की आउट, त्यांच्याकडं दोन धावा. फुटबॉलला आमच्याकडं गटारीत गेलेला चेंडू ज्यानं काढला त्याचा, त्यांच्याकडं समोरच्याचा. यावरून भांडणं व्हायची, शर्ट फाटायचे. मग कधी तरी थोरल्या पोरांनी तोडगा काढला: मैदान ज्याचं, नियम त्याचा. आज तुमच्याकडं तुमच्या रीतीनं खेळू, पुढच्या रविवारी आमच्याकडं आमच्या. लेगेट आणि गमियर यांनी नेमकं हेच ठरवलं. गमियरनं आपली मोकळी किक बाजूला ठेवली आणि पाहुणा म्हणून यजमानांचा खेळ मान्य केला. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा पाया त्या एका कबुलीवर आहे असं मला वाटतं. बाकी सगळं मागाहून आलं.

शनिवारी सकाळी प्रिन्स्टनची पोरं आगगाडीनं आली. गावात हिंडली. दुपारी तीनच्या सुमाराला मैदानात उतरली. एकेका बाजूला पंचवीस गडी! कोट, जाकिटं, टोप्या काढून ठेवल्या आणि झाले तयार. आपला गडी ओळखू यावा म्हणून रटगर्सच्या काहींनी डोक्याला लाल कापड गुंडाळलं होतं. फेटेच म्हणा. लाल हा रंग तिथल्या विद्यार्थ्यांनी नुकताच कॉलेजसाठी सुचवला होता, आजही तोच आहे. शंभरेक लोक बघायला. बसायला आसनं कुठली! कुणी गवतावर, कुणी मैदानाकडेच्या लाकडी कुंपणावर.

रटगर्सची मांडणी ऐकण्यासारखी आहे. दोघे जण थेट समोरच्या गोलपाशी नेऊन उभे केलेले, चेंडू येईल तेव्हा आत लोटायला. अकरा जण मैदानात जागा राखून. उरलेले बारा चेंडूमागं झुंडीनं धावणारे, त्यांना 'बुलडॉग' म्हणायचे. प्रिन्स्टनची पोरं अंगानं थोराड आणि उंच. त्यांच्यातला जेकब मायकल तर सगळ्यांत आडदांड, सगळे त्याला 'बिग माइक' म्हणत. रटगर्सच्या पोरांनी घोळका करून चेंडू पुढं नेला की हा मधोमध घुसायचा आणि घोळका फोडायचा. एकदा तो आणि रटगर्सचा जॉर्ज लार्ज चेंडूमागं असे सुसाट निघाले की थांबताच आलं नाही. दोघे जाऊन कुंपणावर आदळले आणि कुंपण वर बसलेल्या बघ्यांसकट खाली आलं. हे दृश्य मला परदेशी वाटतच नाही. आमच्याकडं कुंपणाऐवजी कट्टा असता इतकंच.

रटगर्सच्या मॅडिसन बॉलची एक वेगळीच तऱ्हा होती. चेंडू आपल्या बाजूला आला की तो पळत त्याच्या पुढं जायचा आणि टाचेनं मागं, म्हणजे प्रिन्स्टनच्या दिशेला, हाणायचा. टाचेचा हा डाव जमणारा एक तरी गडी प्रत्येक पेठेत असतो, आणि त्याचं नाव म्हाताऱ्यांच्याही लक्षात असतं.

प्रत्येक गोल म्हणजे एक 'गेम', आणि असे दहा गेम म्हणजे सामना. चार-चार अशी बरोबरी झाली. तेव्हा लेगेटनं आपल्या पोरांना सांगितलं, चेंडू खाली ठेवा. समोरचे उंच आहेत, वर उडवलेला चेंडू त्यांचा. जमिनीलगत, जवळजवळचे पास द्या. पुढचे दोन्ही गोल रटगर्सचे, सामना ६-४. कॉलेजातल्या पोराला सामन्याच्या मध्यात, कुणी न शिकवता हे सुचलं याचं मला फार कौतुक वाटतं. उंच संघाशी खेळताना चेंडू जमिनीवर ठेव, हे आमच्या तालमीतले वस्ताद सांगायचे तेव्हा ते आम्हाला त्यांचंच शहाणपण वाटायचं.

एक आख्यायिका आहे. रटगर्सचे एक प्राध्यापक त्या दुपारी सायकलवरून चालले होते म्हणे. हा धुडगूस बघून ते थांबले, छत्री हलवत ओरडले की तुमचा शेवट काही चांगला होणार नाही, आणि निघून गेले. खरं खोटं देव जाणे. पण असे प्राध्यापक सगळीकडं असतात.

सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र जेवले. कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं 'टारगम' नावाचं नियतकालिक त्याच वर्षी निघायला लागलं होतं, त्यातल्या वृत्तांतात याची नोंद आहे. ज्यांनी दुपारी एकमेकांना कुंपणावर आपटलं तेच संध्याकाळी एका टेबलाशी. मग पाहुणे घरी परतले.

आठवड्यानं, १३ नोव्हेंबरला, रटगर्सचा संघ प्रिन्स्टनला गेला. मैदान त्यांचं, नियम त्यांचा. एक टप्पा आला, मोकळी किक आली, आणि प्रिन्स्टन ८-० जिंकलं. रटगर्सची तक्रार मला कुठं वाचायला मिळाली नाही. तिसरा, निकाली सामना व्हायचा होता. पण दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी तो होऊ दिला नाही, पोरांचं अभ्यासातलं लक्ष उडालं म्हणून.

पुढच्या वर्षी कोलंबिया आलं. ऑक्टोबर १८७३मध्ये येल, प्रिन्स्टन, रटगर्स वगैरे न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यू हॉटेलात बसले आणि सगळ्यांसाठी एकच नियमावली ठरवली. हार्वर्डला बोलावलं होतं. हार्वर्डनं नकार दिला. त्यांच्याकडं चेंडू उचलून पळता येत असे आणि तो खेळ सोडायची त्यांची तयारी नव्हती. मे १८७४मध्ये कॅनडाच्या मॅकगिलचा संघ हार्वर्डला आला. एक सामना हार्वर्डच्या रीतीनं, दुसरा मॅकगिलच्या रग्बीच्या रीतीनं. इथंही बघा, तोच तोडगा. रग्बी हार्वर्डला इतकं आवडलं की ते त्याला चिकटले आणि मग येललाही त्यांनी आपल्याकडं ओढलं. १८७६मध्ये स्प्रिंगफील्डला हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया यांनी रग्बीवर आधारलेले नियम मान्य केले. लांबट चेंडू आला. १८८०मध्ये येलच्या वॉल्टर कँप यांनी गड्यांची संख्या अकरावर आणली आणि झुंबडीऐवजी दोन रांगा समोरासमोर उभ्या केल्या. टीव्हीवरचा खेळ तिथून सुरू होतो. ज्या रटगर्सच्या मैदानावर सुरुवात झाली, ते स्प्रिंगफील्डच्या त्या बैठकीत नव्हतंच.

जे सगळ्यांचं ऐकून घ्यायला तयार होते त्यांचा खेळ मागं पडला आणि जे हट्टाला पेटले त्यांचा टिकला. याचं मला वाईट वाटतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

प्रिन्स्टनला पुन्हा हरवायला रटगर्सला किती वर्षं लागली असतील? ५ नोव्हेंबर १९३८. पहिल्या सामन्याला एकोणसत्तर वर्षं व्हायला एक दिवस कमी. नदीपलीकडं नवं स्टेडियम बांधलं होतं, त्याच्या उद्घाटनाचा सामना, रटगर्स २०-१८. कुंपण पाडणारा जॉर्ज लार्ज तेव्हा हयात होता. मध्यंतरी राज्याच्या सेनेटमध्ये बसून आलेला, पहिल्या सामन्यातल्या पन्नास जणांपैकी शेवटचा जिवंत गडी. पुढच्याच वर्षी तो गेला.

मोटारींच्या त्या जागेपासून नात मला कॉलेज अॅव्हेन्यूनं पुढं घेऊन गेली. थोडं चाललं की एक मोठं हिरवं आवार लागतं. तिथं २०१९मध्ये पॉल रोबसनच्या नावानं एक चौक केला आहे, काळ्या ग्रॅनाइटच्या शिळा उभ्या केलेल्या. गायक आणि नट म्हणून रोबसन आपल्या जुन्या पिढीला माहीत होता. तो फुटबॉल खेळायचा हे मला त्या आठवड्यातच कळलं.

त्याचा जन्म १८९८चा, आणि कुठला, तर प्रिन्स्टन गावचा. वडील लहानपणी गुलाम होते, पळून सुटले, पुढं धर्मोपदेशक झाले. गावातल्या नामवंत कॉलेजात काळ्या मुलांना तेव्हा प्रवेश नव्हता. १९१५मध्ये रोबसन शिष्यवृत्ती मिळवून रटगर्सला आला. फुटबॉलच्या पहिल्याच सरावात त्याच्या स्वतःच्या संघातल्या गोऱ्या पोरांनी त्याचं नाक फोडलं, खांदा दुखावला. बरा होऊन तो परत मैदानात आला. तेव्हा खाली पडलेला असताना एकानं खिळ्यांचा बूट मुद्दाम त्याच्या हातावर दिला, नखं उचकटली. रोबसननं उठून पुढच्या झटापटीत एका गड्याला डोक्यावर उचललं. फॉस्टर सॅनफर्ड नावाचे प्रशिक्षक ओरडले, तू संघात आहेस! रोबसननंच पुढं हे सांगितलं आहे.

ऑक्टोबर १९१६. कॉलेजला दीडशे वर्षं झाली होती. समारंभ, पाहुणे, पताका. सामन्याला व्हर्जिनियाहून वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाचा संघ आला. त्यांनी कळवलं, काळा गडी मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही. रटगर्सनं पाहुण्यांचं ऐकलं. रोबसन बाहेर बसला. सामना बरोबरीत सुटला.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी याच गावात पाहुणा यजमानांच्या नियमाला हो म्हणाला होता आणि त्यातून खेळ उभा राहिला. आता यजमान पाहुण्यांच्या अटीला हो म्हणाले, आणि ही अट चेंडूबद्दल नव्हती. पुढच्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाकडून तीच मागणी आली, तेव्हा सॅनफर्डनी साफ नकार दिला. रोबसन खेळला. ७-७. म्हणजे नाही म्हणता येत होतं. आदल्या वर्षीही आलं असतं. १९१८मध्ये वॉल्टर कँप यांनी रोबसनला देशातल्या सर्वोत्तम अकरा जणांत घेतलं.

जेम्स कार हे रटगर्सचे पहिले काळे पदवीधर, १८९२चे. त्यांना १९१६च्या सामन्याची हकिकत कळली तेव्हा ते गप्प बसले नाहीत. जून १९१९मध्ये त्यांनी कॉलेजच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं, आपल्या कॉलेजनं आपल्याच मुलाची बाजू सोडली म्हणून. त्याच महिन्यात रोबसन वर्गात अव्वल येऊन पदवी घेत होता आणि पदवीदानाच्या व्यासपीठावरून भाषण करत होता.

ग्रॅनाइटच्या शिळेपाशी मी बराच वेळ उभा होतो. नातीला वाटलं मी दमलो. "बसायचं का आबा?" बसलो, आणि तिला जे आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

आम्ही नववीत होतो. जवळच्या एका गावानं आमच्या संघाला सामन्याला बोलावलं. सायकली घेऊन निघालो, एकेका सायकलवर दोघं. माझ्या पुढ्यात दांड्यावर आमचा डावा विंगर बसला होता. आमच्यात सगळ्यांत वेगवान तोच. वस्ती गावकुसाबाहेरची, पण शाळेत आणि मैदानावर आम्ही कधी तो विचार केला नव्हता, किंवा केला नव्हता असं आम्हाला वाटत होतं. तिथं पोचल्यावर त्या गावातल्या एका मोठ्या माणसानं आमच्या कप्तानाला बाजूला बोलावलं. दोन मिनिटं बोलला. कप्तान परत आला आणि आमच्याकडं न बघता म्हणाला, "तो आज बसू दे. काय करणार, मैदान ज्याचं, नियम त्याचा."

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. विंगर बांधावर जाऊन बसला. आम्ही आमचे शर्ट आणि चपला त्याच्यापाशी ठेवल्या. तासभर तो ते सांभाळत बसला होता. आम्ही तीन-एकनं जिंकलो. सामन्यानंतर देवळात जेवण होतं. तो म्हणाला, मला भूक नाही, मी सायकलींपाशी थांबतो.

परतताना तो पुन्हा माझ्या पुढ्यात बसला. चढ लागला की दर वेळी तो उडी मारून उतरायचा आणि शेजारून पळायचा, म्हणजे मला पायडल मारायला जड जाऊ नये. त्या दिवशीही तो प्रत्येक चढाला उतरला.